आठ खोल्या आणि दोनच डोळे : ‘नाइट ट्रॅप’ची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती

हाउसिंग सोसायटीच्या फाटकाजवळ वॉचमनची जी केबिन असते, तिच्यात हल्ली एक पडदा असतो आणि त्या पडद्याचे आठ किंवा सोळा चौकोन केलेले असतात. वॉचमनने ते सगळे चौकोन पाहावेत अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो एका वेळी एकच चौकोन नीट पाहू शकतो, आणि जे घडायचे ते बहुधा दुसऱ्याच चौकोनात घडून जाते. ‘नाइट ट्रॅप’ हा व्हिडिओ गेम एवढ्या एका अडचणीवर उभा आहे. १९८७ मध्ये चित्रित झालेला, १९९२ मध्ये बाजारात आलेला आणि १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत बदनाम झालेला हा खेळ २०१७ मध्ये ‘स्क्रीमिंग व्हिलन्स’ या नावाने काम करणाऱ्या टायलर होगल यांनी नव्याने बांधून प्लेस्टेशन ४ आणि संगणकासाठी आणला, आणि पुढच्या वर्षी तो निन्टेंडो स्विचवरही आला. त्या पंचविसाव्या वर्षाच्या आवृत्तीचे हे परीक्षण आहे. मात्र हा खेळ ज्या जातकुळीचा आहे, त्या ‘इंटरॲक्टिव्ह मूव्ही’चा, म्हणजे आधी चित्रित केलेला चित्रपट पाहता पाहता खेळायच्या प्रकाराचा, इतिहास थोडा उलगडल्याशिवाय त्याचे गुण समजत नाहीत आणि दोषही समजत नाहीत.

खेळाचे कथानक चार ओळींचे आहे. मार्टिन नावाच्या कुटुंबाच्या तळ्याकाठच्या घरी यापूर्वी पाच मुली नाहीशा झालेल्या आहेत. आता आणखी काही मुली तेथे मुक्कामाला निघाल्या असून त्यांच्यात केली नावाची एक गुप्त पोलीस आहे. घरात आठ ठिकाणी कॅमेरे आहेत आणि भिंतींत, जमिनीत चोरसापळे बसवलेले आहेत. पोलिसांच्या विशेष पथकाने घरमालकांच्या नकळत त्या यंत्रणेचा ताबा आपल्या हाती दिलेला आहे. काळे कपडे घातलेली, वाकून चालणारी ‘ऑगर’ नावाची रक्तपिपासू माणसे घरात शिरतात. ती ज्या खोलीत असतील तो कॅमेरा लावायचा, पडद्यावरची पट्टी हिरव्यावरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून लाल रंगावर गेली की नेमक्या त्या क्षणी बटण दाबायचे. मग धूर निघतो, झाकण उघडते आणि ऑगर गडप होतो. क्षण चुकला तर तो निवांत पुढे निघून जातो आणि पडद्यावरच्या नोंदीत ‘आलेले’ आणि ‘पकडलेले’ या दोन आकड्यांमधले अंतर वाढते. ते फार वाढले, की पथकाचा प्रमुख पडद्यावर प्रकट होऊन आपल्याला चार शब्द सुनावतो आणि यंत्रणेची तार काढून घेतो.

यातला खरा डाव मात्र रंगाचा आहे. सापळे एका सांकेतिक रंगावर चालतात. मार्टिन मंडळी मधूनमधून तो रंग बदलतात, आणि बदलल्याचे एखाद्या खोलीत आपसांत बोलताना सांगतात. ते बोलणे ज्याने ऐकले नाही, त्याचे सापळे त्या क्षणापासून निकामी होतात. बटण दाबत राहावे आणि काहीच घडू नये, असा प्रकार सुरू होतो. म्हणजे ऑगर पकडायचे तर सतत खोल्या बदलत राहायला हवे, आणि रंग कळायचा तर एका खोलीत थांबून संवाद ऐकायला हवेत. या ओढाताणीत पंचवीस मिनिटांचा एक डाव संपतो.

माझे पहिले तीन डाव पाच-सहा मिनिटांच्या पुढे गेले नाहीत. चौथ्या डावाला मी वही घेऊन बसले. डावीकडे वेळ, मध्ये खोली, उजवीकडे रंग, असे तीन रकाने पाडले आणि आधीच्या डावांतून जे समजले होते ते लिहीत गेले. दहाव्या डावापर्यंत वहीची तीन पाने भरली होती आणि खेळ बऱ्यापैकी जमू लागला होता. त्याच वेळी एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली, ती अशी की मी आता पडद्याकडे फारशी पाहतच नव्हते. घड्याळ, वही, बटण, पुन्हा घड्याळ, अशी नजर फिरत होती. दिवाणखान्यात मुली गाणे लावून नाचत असतात, हा या खेळातला सर्वांत गाजलेला प्रसंग. तो मी पूर्ण असा एकदाही पाहिला नव्हता, कारण तेवढ्या वेळात ऑगर भलतीकडेच घुसतात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण या घराच्या दारावर लावायला हरकत नाही.

म्हणजे चित्रपट पाहावा तर खेळ हातचा जातो आणि खेळ खेळावा तर चित्रपट निसटतो. हे दुखणे एकट्या ‘नाइट ट्रॅप’चे नाही, या सबंध प्रकाराच्या पत्रिकेतच ते लिहिलेले आहे.

१९६७ मध्ये मॉन्ट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या मंडपात राडूझ चिन्चेरा यांनी ‘किनोऑटोमाट’ सादर केला, तेव्हा या दुखण्यावर एक फार चतुर तोडगा काढलेला होता. चित्रपट मध्येच थांबे, निवेदक मंचावर येई, नायकाने पुढे काय करावे हे तो प्रेक्षकांना विचारी आणि खुर्चीला लावलेली लाल किंवा हिरवी कळ दाबून प्रेक्षक मत देत. बहुमताप्रमाणे चित्रपट पुढे सरके. दोन प्रक्षेपक एकाच वेळी चालू असत आणि एकाच्या भिंगावर झाकण ठेवलेले असे. निवड म्हणजे ते झाकण इकडचे तिकडे करणे. कथेची रचनाही अशी केलेली होती की प्रेक्षकांनी काहीही ठरवले तरी पुढच्या थांब्यापर्यंत दोन्ही वाटा एकत्र येत. लोकशाहीची ही थट्टा चिन्चेरा यांनी जाणूनबुजून केलेली होती, असे मानले जाते. पण येथे पाहण्याचा वेळ आणि निवडण्याचा वेळ वेगवेगळा ठेवलेला होता, ही गोष्ट महत्त्वाची, कारण पुढच्या लोकांनी नेमकी तीच सोडून दिली.

१९८३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून व्हिडिओ गेम खेळायच्या दुकानांत, ‘ड्रॅगन्स लेअर’ आला. डिस्नेमधून बाहेर पडलेल्या डॉन ब्लूथ यांनी त्याची सुमारे २२ मिनिटांची ॲनिमेशन तयार केली होती आणि ती लेसरडिस्क या चित्रपट साठवणाऱ्या मोठ्या चकतीवर भरून रिक डायर यांच्या कल्पनेतील खेळाला जोडलेली होती. शेजारच्या यंत्रांवर ठिपक्याठिपक्यांची चित्रे हलत असताना येथे हाताने रंगवलेला चित्रपट चालत होता. इतर खेळांना २५ सेंट पडत असता याला ५० सेंट मोजावे लागत, आणि तरीही रांगा लागत. मागे उभ्या असलेल्यांना दिसावे म्हणून काही ठिकाणी यंत्राच्या डोक्यावर दुसरा पडदा बसवलेला असे. खेळणाऱ्याला प्रत्यक्षात एवढेच करायचे असे की योग्य क्षणी दांडी डावीकडे, उजवीकडे, वर किंवा खाली ढकलायची, नाहीतर तलवारीचे बटण दाबायचे. चुकला की नायक डर्कचा मृत्यू नव्या तऱ्हेने रंगवलेला दिसे. दृश्य बदलताना लेसरडिस्कचे डोके नवी जागा शोधी आणि पडदा क्षणभर काळा होई. सतत अशी धावाधाव करण्यासाठी ते यंत्र मुळात बनवलेलेच नव्हते, त्यामुळे ते वारंवार बिघडे आणि आर्केडचालक मेटाकुटीला येत. लेसरडिस्कची ही लाट जेमतेम दोन वर्षांत ओसरली. चित्र पाहणारा आणि दांडी ढकलणारा हे दोघे येथे एकच झाले, आणि भांडण सुरू झाले ते येथूनच. खरा आनंद मागे उभ्या असलेल्या प्रेक्षकांचा होता.

‘नाइट ट्रॅप’ची मुळे याच दशकात आहेत. टॉम झिटो, रॉब फुलोप आणि त्यांचे सहकारी खेळणी बनवणाऱ्या ‘हॅस्ब्रो’ कंपनीसाठी ‘नीमो’ हे टोपणनाव दिलेले एक यंत्र तयार करीत होते, ज्यात खेळ चक्क व्हीएचएस कॅसेटवर असणार होता. आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहण्याचे जे दिवस होते, त्याच दिवसांतली ही गोष्ट. ज्यांनी ती कॅसेट हाताळलेली आहे त्यांना पहिला प्रश्न हाच पडेल की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला टेप पुढे-मागे पळवत बसायची की काय? त्याचे उत्तर असे की एकाच फितीवर अनेक चित्रप्रवाह एकमेकांत गुंफून ठेवलेले असत, फीत आपली सरळ पुढे जात राही आणि यंत्र त्यातला हवा तो प्रवाह तेवढा उचलून दाखवी. म्हणून या खेळात काळ कोणासाठी थांबत नाही. आठही खोल्यांतले जग एकाच वेळी पुढे जात राहते आणि गेलेला क्षण परत येत नाही, हा ‘नाइट ट्रॅप’चा आत्मा कॅसेटच्या स्वभावातून आलेला आहे. त्याला साजेसे बीज रंगभूमीवरून मिळाले होते. ‘टमारा’ या नाटकात एका घराच्या निरनिराळ्या खोल्यांत प्रसंग एकाच वेळी चालत आणि प्रेक्षक आपल्याला हव्या त्या पात्राच्या मागे फिरत. ज्याच्या मागे गेलो नाही, त्याची गोष्ट कळत नसे.

खर्च आवाक्याबाहेर गेल्याने हॅस्ब्रोने ‘नीमो’ गुंडाळले आणि कल्व्हर सिटीत सुमारे १५ लाख डॉलर खर्चून चित्रित केलेला हा चित्रपट काही वर्षे पडून राहिला. १९९२ मध्ये सेगा कंपनीने अमेरिकेत आपल्या खेळाच्या यंत्राला ‘सेगा सीडी’ हा सीडीचा जोड दिला, तेव्हा झिटो यांच्या ‘डिजिटल पिक्चर्स’ने तो बाहेर काढला. सेगा सीडीला पडद्यावर एका वेळी ६४ रंगच दाखवता येत. परिणामी एका छोट्या चौकटीत दाणेदार, डागाळलेले चित्र दिसे, आणि १९८७ ची चकचकीत फीत पाहिलेल्या नटांनी ते पाहिले असते तर आपले चेहरे त्यांना ओळखू आले नसते.

आता नवी आवृत्ती. या आवृत्तीचे पहिले आणि सर्वांत मोठे यश म्हणजे ते चित्र. मूळच्या चांगल्या प्रतीच्या फितीवरून घेतलेले दृश्य आता पडदा भरून दिसते. त्याला आजच्या चित्रपटाची धार नाही, असणेही शक्य नाही. पण ऐंशीच्या दशकातील दूरदर्शन मालिकेसारखे ते स्वच्छ आहे. मुलींच्या अंगावरचे भडक रंग, स्वयंपाकघरातील फरशी, ऑगरच्या हातातील ते प्लंबरच्या सामानातून जुळवल्यासारखे दिसणारे शस्त्र, हे सगळे प्रथमच नीट कळते. यामुळे एक नुकसानही झालेले आहे, तेही सांगितले पाहिजे. जुन्या दाणेदार चौकटीत ऑगर थोडे भयानक वाटत. स्वच्छ प्रकाशात ते काळ्या कापडात गुंडाळलेले, बिचकत चालणारे इसम आहेत हे लपत नाही, आणि भीतीची जागा हसू घेते.

दुसरी सुधारणा अशी की कॅमेऱ्यांच्या छोट्या चित्रांमध्ये प्रत्यक्ष हालचाल दिसण्याची सोय करून घेता येते. मूळ खेळात ती चित्रे निर्जीव होती, त्यामुळे कोणत्या खोलीत काय चालले आहे हे तेथे गेल्याखेरीज समजत नसे. आता डोळ्याच्या कोपऱ्यातून हालचाल टिपता येते आणि वहीची गरज निम्म्याने कमी होते. कट्टर मंडळींना हे खेळ सोपा करून टाकणे वाटेल, पण मला ही दुरुस्ती अत्यंत योग्य वाटते, कारण हा खेळ पाठांतराचा व्हावा अशी मूळ कल्पनाही नसावी. तंत्राच्या मर्यादेने त्याला पाठांतराकडे ढकलले होते. याखेरीज ऑगर कोठे येतील याचा नेम नसलेली ‘सर्व्हायव्हर’ ही वेगळी पद्धत दिलेली आहे. वही मिटून निव्वळ चपळाईवर खेळायचे असेल तर ती चांगली आहे, परंतु तिच्यात कथा उरत नाही, आणि कथेवाचून या घरात फार वेळ रमण्यासारखे काही नाही.

संग्राहकाच्या दृष्टीने मोलाची वस्तू आहे ती ‘सीन ऑफ द क्राइम’. ‘नीमो’ची कल्पना हॅस्ब्रोच्या गळी उतरवण्यासाठी केलेला हा लहानसा नमुनाखेळ आजवर लोकांनी केवळ ऐकलेला होता; येथे तो खेळायला मिळतो. घरात चोरी होते, संशयित अनेक, आणि आपण कॅमेऱ्यांवरून पाहून चोर ओळखायचा. काही मिनिटांचाच खेळ, परंतु त्यात बटण दाबण्याची घाई नाही. पाहायचे, ऐकायचे आणि शेवटी उत्तर द्यायचे. तो संपवल्यावर मला प्रामाणिकपणे असे वाटले की मंडळींनी सापळे आणि ऑगर यांच्या मागे न लागता याच वाटेने जायला हवे होते.

सुनावणीच्या प्रकरणाविषयीही या आवृत्तीसोबत पुरेशी सामग्री आहे, आणि खेळ खेळून झाल्यावर ती पाहिली तर चकित व्हायला होते. ९ डिसेंबर १९९३ रोजी सिनेटर जो लिबरमन आणि हर्ब कोल यांच्या पुढाकाराने व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली आणि तीत ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या मारामारीच्या गेमच्या जोडीला ‘नाइट ट्रॅप’मधील न्हाणीघराचा प्रसंग दाखवला गेला. रात्रीच्या पोशाखातील एका मुलीला ऑगर पकडतात, तो हा प्रसंग. मुलींना वाचवणे हे या खेळाचे उद्दिष्ट आहे आणि तो प्रसंग खेळणारा अपयशी ठरल्याची शिक्षा आहे, ही साधी गोष्ट त्या गदारोळात हरवून गेली. गंमत अशी की हॅस्ब्रो मुलांची खेळणी विकणारी कंपनी असल्याने, मुलांना नक्कल करता येईल अशी हिंसा नको, असा तिचा आग्रह होता. ते प्लंबरी शस्त्र इतके अचाट आणि हास्यास्पद झाले ते त्यापायीच. पुढे अमेरिकेतील मोठ्या खेळणी-दुकानांनी खेळ काढून टाकला, सेगाने तो काही काळ मागे घेतला, आणि १९९४ मध्ये व्यवसायाने वयानुसार वर्गीकरण करणारी ‘ईएसआरबी’ ही संस्था स्थापन केली. त्याच सुनावणीत निन्टेंडोचे हॉवर्ड लिंकन यांनी असा खेळ आमच्या यंत्रावर कधीही येणार नाही, अशी ग्वाही दिली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तो स्विचवर आला. त्याला मिळालेले मानांकन किशोरवयीन मुलांना चालेल असे होते.

अभिनयाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या मालिकेमुळे घरोघरी माहीत झालेल्या डॅना प्लेटो यांनी केलीची भूमिका केलेली आहे आणि कॅमेऱ्यात पाहून आपल्याशी थेट बोलताना त्या मनापासून काम करतात. बाकीचे सगळे हौशी नाट्यस्पर्धेच्या पहिल्या फेरीतले वाटतात, पण त्यांचा उत्साह दांडगा आहे आणि तो शेवटपर्यंत टिकतो.

पुढच्या काळात हा प्रकार फोफावला आणि कोसळला. ‘विंग कमांडर ३’ने १९९४ मध्ये मार्क हॅमिल यांच्यासारखे नट आणून चार सीडी भरल्या, ‘फँटॅस्मागोरिया’ १९९५ मध्ये सात सीडींवर आला; आणि ‘डिजिटल पिक्चर्स’ १९९६ मध्ये बंद पडली, कारण तोवर प्लेस्टेशनच्या त्रिमितीय जगात खेळणाऱ्याला हवे तिकडे चालता येऊ लागले होते आणि चित्रित केलेल्या नटाला मात्र दिग्दर्शकाने सांगितले तिकडेच जाता येत होते. ‘ड्रॅगन्स लेअर’ची योग्य क्षणी बटण दाबण्याची युक्ती इतर खेळांत मसाल्यासारखी वापरली जाऊ लागली. नेटफ्लिक्सने २०१८ मध्ये ‘बँडरस्नॅच’ हा प्रेक्षकाने वाट निवडायचा चित्रपट आणून पुन्हा हवा केली, आणि २०२५ मध्ये तेही उतरवले. मला या मधल्या सगळ्या पसाऱ्यापेक्षा सॅम बार्लो यांचा २०१५ चा ‘हर स्टोरी’ महत्त्वाचा वाटतो. त्यात एका स्त्रीच्या पोलीस-जबाबाचे २७१ तुकडे आहेत. आपण एखादा शब्द टाइप करायचा, तो शब्द ज्या तुकड्यांत उच्चारलेला असेल त्यांतले पहिले पाच मिळतात, आणि त्यांतून पुढचा शब्द सुचतो. तुकडा चालू असताना हात रिकामा असतो, आणि तो संपल्यावर डोके कामाला लागते. ‘किनोऑटोमाट’ने जे ओळखले होते आणि ‘सीन ऑफ द क्राइम’च्या जे हाताशी होते, ते येथे पुन्हा जागेवर आले. ज्यांना या प्रकाराची केवळ चव घ्यायची आहे, त्यांनी आधी ‘हर स्टोरी’ घ्यावा. ‘नाइट ट्रॅप’ घ्यावा तो ज्यांना या खटाटोपाचे मूळ पाहण्याची हौस आहे त्यांनी, आणि शक्य असेल तर एकट्याने खेळू नये.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगते. दिवाळीच्या सुट्टीत भाचा घरी आला होता. बटणे त्याच्या हाती दिली आणि मी शेजारी बसून फक्त कान देण्याचे काम घेतले. “जांभळा!” मी ओरडायचे, तो रंग बदलायचा, पट्टी लाल व्हायची, धूर निघायचा. तिसऱ्या रात्री आम्ही डाव शेवटापर्यंत नेला. श्रेयनामावली सुरू झाली तेव्हा त्याने विचारले, “पण मावशी, मार्टिन लोकांना त्या मुली हव्या कशाला होत्या?” मी तीन रात्री त्यांचा शब्दन् शब्द ऐकला होता, पण रंगांच्या नावांखेरीज मला त्यातले काही आठवेना. मग आम्ही दोघांनी ‘थिएटर’ पद्धत लावली, हात बांधून बसलो आणि तो चित्रपट पहिल्यांदाच पाहिला.